एकाच वर्षाचे, एकाच वजनाचे दोन राणीछाप रुपये, मग एकाला कैक पट किंमत का?

कलदार (धागाकर्ता)

राणीछाप रुपयाचा हिशोब सरळ आहे. वजन ११.६६ ग्रॅम, जुन्या मापात १८० ग्रेन. बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. १८३५ च्या कायद्याने हे प्रमाण ठरलं आणि रुपयाच्या बाबतीत १९३९ पर्यंत टिकलं.

सराफाच्या ढिगातला १८६२ चा रुपया चांदीच्या भावाच्या थोडा वर मिळतो. त्याच सालाचा, त्याच टांकसाळीचा, पण न वापरलेला रुपया लिलावात त्याच्या कितीतरी पटीने जातो. चांदी तितकीच, राणी तीच. जास्तीचे पैसे नेमके कशाचे? दिसण्याचे, दुर्मिळतेचे, की ग्रेडच्या, म्हणजे प्रतीच्या, आकड्याचे?

दहा झिजलेल्या रुपयांपेक्षा एक उत्तम प्रतीचा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, पण कारणांसह.

भिंगवाला

पैसे पृष्ठभागाचे. हा पृष्ठभाग एकदाच तयार होतो, ठसा पडतो त्या क्षणी. नंतर तो फक्त कमी होऊ शकतो, वाढू शकत नाही.

प्रेसमध्ये ठसा पडतो तेव्हा दाबाखाली चांदी मधून कडेकडे सरकते. हजारो नाणी पाडून ठशाच्या अंगावर त्याच दिशेच्या अतिशय बारीक रेषा तयार होतात आणि त्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर उतरतात. डोळ्याला रेषा वेगळ्या दिसत नाहीत. एकाच दिव्याखाली नाणं हळू तिरकं केलं की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. हेच ओरिजिनल लस्टर. खिशात, थैलीत, हातात घासून सगळ्यात आधी या रेषा जातात. केस, नाक, मुकुट झिजायला वेळ लागतो, लस्टर जायला लागत नाही.

१८६२ चा रुपया तपासायचा असेल तर तीन जागा बघा: मुकुटाची वरची कड, कानशिलावरचे केस आणि खांद्यावरच्या वस्त्राची नक्षी. नाणं फिरवताना प्रकाशाचा पट्टा या उंचवट्यांवरून अखंड गेला तर झीज नाही. पट्टा तिथे तुटला आणि ठिपका करडा, मंद दिसला तर झीज आहे, मग बाकी नाणं कितीही चमको.

पिंपळपान

@भिंगवाला, उत्तम. एक भर घालते. खूप जण कच्चा ठसा आणि झीज यांत गल्लत करतात. दाब कमी पडला तर केस सपाटच उमटतात, पण त्या सपाट जागेवर लस्टर शाबूत असतं. झिजलेल्या सपाट जागेवर ते नसतं. डोळ्याला दोन्हीकडे "केस गेलेत" एवढंच दिसतं. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आणि ट्यूबलाइटखाली तपासू नका. लांब, पसरट उजेडात लस्टरही कळत नाही आणि ओरखडेही. एक बल्ब, डोक्याच्या थोडा वर, बाकी खोलीत अंधार. खाली जाड मऊ कापड, कारण नाणं कधी ना कधी हातून निसटतंच. भिंग १० पटीचं जवळ ठेवा, पण प्रत ठरवताना ५ पटीचं पुरतं. १० पटीत प्रत्येक नाणं खराब वाटू लागतं.

मोडीप्रेमी

मला हे मत पटत नाही, म्हणून लिहितो.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षहरात वंशाच्या नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. ग्रेडच्या दृष्टीने ही नाणी "खराब" झाली: नहपानाचा चेहरा अर्धा पुसला गेला, अक्षरं एकमेकांत घुसली. पण क्षहरातांचा पराभव आणि सातवाहनांचा विजय धातूवर जसाच्या तसा दिसतो तो याच खराबीमुळे. पुन्हा न ठोकलेलं सुबक नहपान नाणं घ्या आणि पुन्हा ठोकलेलं ओबडधोबड घ्या. इतिहास कुठे जास्त आहे?

उच्च प्रतीचं नाणं म्हणजे कोणीच न वापरलेलं नाणं. जे बाजारात फिरलंच नाही ते बाजाराबद्दल काय सांगणार?

कलदार

@मोडीप्रेमी, मुद्दा वजनदार आहे. पण तुमच्या उदाहरणातही प्रत लागतेच की. दोन ठसे एकावर एक असतील तर दोन्ही वाचता आले पाहिजेत. झिजलेल्या नाण्यावर वरचा ठसा कोणाचा आणि खालचा कोणाचा हेच कळेनासं होतं.

अंकुशी

मराठेशाहीच्या रुपयांबद्दल वेगळं बोलायला हवं, तिथे ग्रेडिंगचा १ ते ७० चा आकडा फारसा कामाचा नाही.

हाताने ठोकलेल्या नाण्यात ठसा चकतीपेक्षा मोठा असतो. म्हणजे कोणत्याच नाण्यावर पूर्ण मजकूर येत नाही. पुण्याचा अंकुशी रुपया घ्या किंवा चांदवडचा. मजकूर शाह आलमच्या नावाचा फारसी, पण चकतीवर त्याचा कोणता तुकडा पडला यावर सगळं अवलंबून. असं नाणं पाहताना माझा क्रम असा: आधी चिन्ह (अंकुश) पूर्ण आहे का, मग टांकसाळीचं नाव वाचता येतं का, मग जुलूस साल (बादशहाच्या राज्यारोहणापासूनचं वर्ष), आणि शेवटी झीज. अजिबात न झिजलेला पण टांकसाळीचं नाव चकतीबाहेर गेलेला रुपया मला दुय्यम. थोडा वापरलेला, पण चिन्ह आणि साल दोन्ही मधोमध, तो पहिला.

दुसरं, सराफी ठसे. पेढीवर चांदी तपासून सराफ नाण्यावर छोटी खूण मारत. राणीच्या गालावर अशी खूण असेल तर किंमत पडते आणि ते योग्यच आहे. अंकुशी रुपयावर एखादी नेटकी खूण असेल तर मी ती दोष धरत नाही. पाच-सहा खुणांनी मजकूरच खाल्ला असेल तर मात्र दोषच.

मोडीप्रेमी

@अंकुशी, अगदी हेच म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत. जुलूस सालाचा मुद्दा विसरलोच होतो.

टांकसाळी

मूळ प्रश्नाला मशीनच्या रुपयांपुरतं एक ठोस उत्तर आहे: प्रत चांगली नसेल तर नाणं कोणतं आहे हेच ओळखता येत नाही.

उदाहरण १८४० चा रुपया. साल सगळ्यांवर १८४०, पण ही नाणी पुढे कितीतरी वर्षं पाडली गेली. आधीच्या प्रकारात राणीच्या डोक्यावरून नाव सलग जातं, नंतरच्यात डोक्याच्या दोन बाजूंना तुटतं. एवढं झिजलेल्या नाण्यावरही कळतं. पण उपप्रकार ठरतात मागच्या बाजूच्या माळेतली फळं मोजून: १९, २०, २८, ३५ वगैरे. फळं टाचणीच्या डोक्याएवढीसुद्धा नसतात. झिजलेल्या रुपयावर पान आणि फळ एकजीव झालेलं असतं, मोजणार काय? गळ्याच्या कापावर ठसा कोरणारे विल्यम वायन यांची 'डब्ल्यू. डब्ल्यू.' ही अक्षरं, तीही खोल आहेत की उठावाची हे बघायचं असतं.

१८६२ चंही तेच. मुंबई टांकसाळीने साल तेच ठेवून पुढची बारा-तेरा वर्षं रुपये पाडले आणि खरं वर्ष कळावं म्हणून तारखेच्या आसपास बारीक टिंबं दिली. टिंब आणि कचऱ्याचा ठिपका यांतला फरक चांगल्या प्रतीच्या नाण्यावरच खात्रीने सांगता येतो.

आणि १९११. पंचम जॉर्जच्या वस्त्रावर हत्ती कोरला होता. सोंड आखूड पडल्याने तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून आला. म्हणून त्याला डुक्कर रुपया म्हणतात. हा हत्ती वस्त्राच्या उंच भागावर आहे, म्हणजे झीज पहिल्यांदा तिथेच. झिजलेल्या १९११ वर ना हत्ती दिसतो ना डुक्कर. ज्या गोष्टीसाठी नाणं प्रसिद्ध, तीच गायब!

पिंपळपान

"ना हत्ती ना डुक्कर" 😄 १९११ विकत घेणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं.

नवी थैली

धागा वाचून डोळे उघडले. प्रश्न: घरात लक्ष्मीपूजनाच्या चांदीच्या नाण्यांत दोन-तीन राणीछाप रुपये असतात, दरवर्षी चिंच किंवा राख लावून लखलखीत केलेले. त्यांची प्रत किती धरायची? आणि चिकटलेलं हळदीकुंकू कसं काढायचं?

रसायनी

@नवी थैली, पूजेची नाणी पूजेतच राहू द्यावीत. त्यांची किंमत वेगळ्या हिशोबाची. संग्रहाच्या दृष्टीने ती "घासलेली". राख, रांगोळी, भांड्यांची पावडर यांतले कण चांदीपेक्षा कठीण असतात. भिंगाखाली एकाच दिशेचे शेकडो बारीक ओरखडे दिसतात आणि चमक फिरत नाही, सगळीकडून सारखीच येते, स्टीलच्या वाटीसारखी. ग्रेडिंगवाले, म्हणजे प्रत ठरवून देणाऱ्या कंपन्या, अशा नाण्याला आकडा देत नाहीत, 'डिटेल्स' लिहून कारण नोंदवतात.

पुढे एखादं न घासलेलं नाणं हाती आलं तर क्रम असा. हळदीकुंकू, धूळ, घाम: डिस्टिल्ड पाण्यात काही तास बुडवून ठेवा, मधे पाणी बदला. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्लोराइडने डाग पडतात. तेल, चिकटपट्टीचा गोंद, प्लॅस्टिकचा हिरवा चिकट थर: शुद्ध ॲसिटोन, काचेच्या वाटीत, पाच ते दहा मिनिटं, मग दुसऱ्या वाटीत ताजं ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी, देवापुढचा दिवा आणि गॅस बंद. बाहेर काढल्यावर पुसायचं नाही, कडेवर टेकवून वाळू द्यायचं. ॲसिटोन चांदीला काही करत नाही, वरची घाण तेवढी विरघळवतं.

काळपटपणा मात्र घाण नाही. ते सिल्व्हर सल्फाइड आहे, नाण्याच्याच चांदीपासून झालेलं. चांदी चकाकवण्याचा 'डिप' त्या थरासोबत चांदीचाही पातळ थर नेतो, म्हणजे भिंगवाला यांनी सांगितलेल्या रेषा नेतो. ॲल्युमिनियमची फॉइल आणि खाण्याचा सोडा हा घरगुती उपाय सल्फाइडची पुन्हा चांदी करतो हे खरं, पण ती परत आलेली चांदी सच्छिद्र, मंद दिसते. थर जाड असेल तर डाग जातो आणि जीवही जातो.

भिंगवाला

+१. रंगांबद्दलही लिहा ना, सध्या रंगीत नाण्यांना फार मागणी आहे आणि बनावटही तितकीच.

रसायनी

साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तसंच आहे. सल्फाइडचा पारदर्शक थर जसजसा जाड होतो तसतसा रंग बदलतो, आणि क्रम ठरलेला असतो: फिकट पिवळा, सोनेरी, तांबूस-किरमिजी, मग गडद निळा, मग फिकट आकाशी. थर आणखी वाढला की पुन्हा पिवळा, किरमिजी, हिरवा. शेवटी काळा.

नैसर्गिक रंग बहुधा कडेकडून आत येतो आणि या क्रमाने येतो. निळ्याच्या शेजारी किरमिजी, त्याच्या शेजारी सोनेरी. उठावाच्या अक्षरांच्या आडोशाला रंग किंचित मागे राहतो. गंधकाचं द्रावण किंवा उष्णता देऊन केलेला रंग उड्या मारतो: पांढऱ्या चांदीवर एकदम गडद निळा ठिपका, मधले रंग नाहीतच. तसंच रंग झिजलेल्या किंवा घासलेल्या जागेवरूनही बेधडक गेला असेल तर तो नंतर चढवलेला समजा.

रबरबँडचा मात्र काळा पट्टा उमटतो, तोही खरा सल्फाइडच 😄 तो कोणाला विकता येत नाही. नाण्यांच्या जवळपास रबर, लोकर, वर्तमानपत्र नको.

अंकुशी

अवांतर: डांबरगोळ्याही नकोत. कपड्यांच्या कपाटात नाणी ठेवण्याची आपली जुनी खोड आहे.

सह्याद्री_कडा

साठवण कशात करता सगळे? कोकणात पावसाळ्यात चार महिने हवा ओली असते.

पिंपळपान

मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या अल्बमात अजिबात नको. ते पीव्हीसी. त्यातून मृदुकारक आणि आम्ल बाहेर येतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो, उशीर झाला तर खड्डे पडतात. मायलरचं पाकीट किंवा कडक गोल कॅप्सूल घ्या. रुपयाचा व्यास साडेतीस मिमीच्या आसपास असतो, पण टांकसाळ आणि सालाप्रमाणे थोडा हलतो. व्हर्नियरने मोजून मगच कॅप्सूल मागवा. सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळतं आणि कडा घासतात.

पुठ्ठ्याची स्टेपलवाली घरं स्वस्त आणि बरी, पण स्टेपलची टोकं पक्कडीने चेपा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा. आणि नाणं काढताना आधी स्टेपल काढा. घर फाडून ओढलेल्या नाण्यावर तिरपा एकच लांब ओरखडा असतो, तो ओळखूच येतो.

पावसाळ्यासाठी: हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवायची. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशाला तापवून पुन्हा वापरायचं. डबा लोखंडी कपाटात, लाकडी पेटीत नको, बऱ्याच लाकडांतून आम्लाची वाफ येते.

दूरदेशी

चांगली चर्चा. एक व्यावहारिक शंका: आजोबांकडून आलेले १८४० आणि १९१८ चे रुपये परदेशी राहणाऱ्या नातवंडांनी सोबत न्यावेत का?

टांकसाळी

नाही. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ चं नाणंही आता शंभरी ओलांडून गेलं. सामानात चुकून राहिलं तरी अडचण येते. १९३८ चं शंभर वर्षांचं नाही, पण शंका नको म्हणून पुरातत्त्व खात्याकडून पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं. ग्रेडिंगसाठी बाहेर पाठवायचं असेल तरी आधी हाच प्रश्न सोडवा.

आणि शेतात, घर पाडताना सापडलेली नाणी वेगळीच गोष्ट. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागतो. दहा रुपयांवरच्या किमतीचा ठेवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. अशी नाणी विकायला येतात, घेऊ नका.

दूरदेशी

आभार. म्हणजे नाणी इथेच, आणि फोटो तिथे.

सह्याद्री_कडा

बनावट कशी ओळखायची? "नाणं वाजवून घ्या" म्हणतात तसं वाजवून?

टांकसाळी

उच्च प्रतीचं नाणं फरशीवर वाजवायचं नाही! म्हण आपल्या जागी. कडेला एक खाच पडली की सगळं मुसळ केरात.

क्रम असा ठेवा. ०.०१ ग्रॅमचा काटा: न झिजलेला रुपया ११.६६ च्या अगदी जवळ हवा. झिजलेला ११.४ असू शकतो, पण दिसायला कोरा आणि वजनाला ११.३ असेल तर तो नकोच.

मग घनता. काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने नाणं पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला-भिंतीला लागणार नाही असं लटकवा. बुडबुडा चिकटलेला नको. काटा जो आकडा दाखवेल तो विस्थापित पाण्याचा. बारा भागांत अकरा भाग चांदीच्या रुपयाला १.१३ च्या आसपास येतो. जर्मन सिल्व्हरसारख्या मिश्रणाला १.३ च्या वर जाईल. नंतर ॲसिटोनमधून काढून वाळवा.

शेवटी कड. ओतीव बनावटीला कडेच्या खाचांतून बारीक शिवण गेलेली असते किंवा तिथे घासून काढल्याची खूण. बारा वाजताच्या जागेवर खाचा पुसट असतील तर पूर्वी कडी डाखलेली होती, हारात किंवा लॉकेटात घातलेलं नाणं. ते खरं असतं, पण प्रत गेलेली असते.

भिंगवाला

यात १९३९ ची भर. मुंबईचा १९३९ चा चांदीचा रुपया फार दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या शेवटच्या ८ चा ९ करतात. खऱ्या आकड्याभोवतीची जमीन सलग असते. कोरलेल्या ९ भोवती लस्टर थांबतं आणि टोकाशी सुईचे ओरखडे दिसतात. १९४० पासूनचा रुपया वजनाला तोच, पण चांदी निम्मी, आणि कडही वेगळी, सुरक्षा-खाचेची. पाण्यातल्या चाचणीत तो १.२२ च्या आसपास जातो.

मोडीप्रेमी

@नवी थैली यांना एक सल्ला, माझा विरोध बाजूला ठेवून. प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये (ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत) एमएस ६२ (एमएस म्हणजे 'मिंट स्टेट', न वापरलेलं) लिहिलंय म्हणून घेऊ नका. ६० ते ७० सगळी न वापरलेलीच. फरक थैलीत एकमेकांवर आपटून पडलेल्या खुणांचा, ठशाच्या जोराचा आणि लस्टरचा. खुणा गालावर आहेत की केसांत, यावर नाणं डोळ्याला कसं दिसतं ते ठरतं. कधीकधी एयू ५८ ('अबाउट अनसर्क्युलेटेड'), म्हणजे उंचवट्यावर नुसती सावली पडलेलं नाणं, खुणांनी भरलेल्या ६० पेक्षा कितीतरी देखणं असतं आणि स्वस्तही. स्लॅबचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून फोटो पडताळा. स्लॅबही बनावट येतात.

कलदार

@मोडीप्रेमी, म्हणजे प्रत बघता की तुम्हीही!

मोडीप्रेमी

प्रत बघतो, आकडा बघत नाही. आणि जोगळटेंभीच्या नाण्यांबद्दल माझं मत तेच आहे.

नवी थैली

मग पहिलं नाणं कोणतं घ्यावं? एकच, चांगल्या प्रतीचं, खिशाला झेपेल असं.

कलदार

१९१८ चा पंचम जॉर्ज. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई इतकी झाली की अमेरिकेच्या पिटमन कायद्याखाली तिथले डॉलर वितळवून चांदी हिंदुस्थानात आली आणि प्रचंड संख्येने रुपये पाडले गेले. संख्या मोठी म्हणून कोरी नाणी अजूनही आवाक्यात मिळतात. दुर्मिळतेचे पैसे द्यावे लागत नाहीत, फक्त पृष्ठभागाचे. डोळा तयार करायला याहून चांगलं नाणं नाही. त्याच्या शेजारी सराफाच्या ढिगातला एक झिजलेला १९१८ ठेवा आणि रोज दहा मिनिटं एका दिव्याखाली दोन्ही फिरवा.

नवी थैली

मुंबईचा की कलकत्त्याचा?

टांकसाळी

मागच्या बाजूला तळाशी कमळ आहे. त्याच्या खाली बारीक उठावाचं टिंब असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. कोणताही घ्या, फक्त राजाच्या मिशा, कान आणि वस्त्रावरचा हत्ती बघून घ्या. हत्तीच्या पाठीवर चमक अखंड फिरली की नाणं बाजूला काढा, मग किमतीचं बोला.